डिस्क दिसेना, म्हणजे डिस्क नाहीं काय ?

संगणक बिघडला म्हणजे घरांतील वडील माणसांनीं चार हात दूर राहावें, असा एक अलिखित नियम हल्लीं बहुतेक कुटुंबांत पाळला जातो. आम्हीही तो पाळीत आलों आहों. लघुकौमुदी शिकवितां येते म्हणून लॅपटॉपही दुरुस्त करतां येईल, असा भ्रम आम्हांस कधींच नव्हता. तथापि गेल्या कार्तिकांत, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरांत, आमच्या घरीं असा प्रसंग आला कीं, हा नियम मोडणें भाग पडलें. तो येथें सविस्तर सांगण्याचें कारण एवढेंच कीं, ज्या जागीं आमची मंडळी अडली त्याच जागीं पुष्कळ घरें अडत असावींत, आणि तेथें घाईनें घेतलेला निर्णय मागाहून फिरवितां येत नाहीं.

लॅपटॉप आमच्या थोरल्या बंधूंचा. घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करावयाचा हा त्यांचा अकरा वर्षांचा ध्यास होता. त्यांनीं शेंकडों पत्रें पाठविलीं, त्र्यंबकेश्वरीं तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या, कोंकणांतील दोन गांवीं जाऊन वृद्ध मंडळींकडून नांवें उतरून घेतलीं. आरंभीं हा सर्व मजकूर वह्यांत असे. २०२१ सालीं लॅपटॉप आला, आणि तीन वर्षें खपून बंधूंनीं तो सारा त्यांत उतरविला. उतरवून झाल्यावर त्या वह्या त्यांनीं स्वहस्तें रद्दींत घातल्या ! २०२४ च्या मार्गशीर्षांत ते वारले. वर्षश्राद्धाच्या दिवशीं ग्रंथाची निदान मुद्रितें तरी त्यांच्या तसबिरीपुढें ठेवावीं, अशी वहिनींची इच्छा होती. पहिलीं तीन प्रकरणें मुद्रकाकडे गेलीं होतीं. उरलेला ग्रंथ व वंशावळीचे सर्व तक्ते त्या एका यंत्रांत होते. दुसरी प्रत कोठेंही नव्हती.

दिवाळी झाली आणि यंत्र सुरू होईना. कंपनीचें चिन्ह दिसे, खालीं ठिपक्यांचें वर्तुळ फिरे, आणि पुन्हां पहिल्यापासून तोच खेळ. आमचा धाकटा पुतण्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. त्यानें दुरुस्तीच्या पडद्यावरून, ‘माझ्या फायली ठेवून प्रणाली नवी करा’ असा पर्याय निवडला. टक्के साठाच्या पुढें गेले, आणि मग निरोप आला कीं, अडचण उद्भवली असून कोणताही बदल केलेला नाहीं. या निरोपाचा दुसरा अर्धा भाग कोणीच नीट वाचला नाहीं. वास्तविक सगळी आशा त्यांतच होती.

मग पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्यानें बसवावयाचें ठरलें. त्याकरितां मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूल नांवाचें साधन दुसऱ्या संगणकावर चालवावें लागतें आणि निदान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. हें साधन पेन ड्राइव्हवरील सर्व कांहीं प्रथम पुसून टाकतें. पुतण्यानें हाताशीं आला तो ड्राइव्ह घेतला. सूनबाईंनीं दोन वर्षें जमविलेलीं भोंडल्याचीं गाणीं अशा रीतीनें पंचत्वास गेलीं. त्या प्रकरणाचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.

पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलें. भाषा निवडली, अटी मान्य केल्या, आणि ‘विंडोज कोठें बसवावयाचें ?’ हा प्रश्न आला. त्याखालीं यंत्रांतील डिस्कची यादी असावयाची. यादी कोरी होती. एकही ड्राइव्ह सांपडला नाहीं, असें पडदा म्हणत होता.

“काका, डिस्क गेली,” पुतण्या म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. बाजारपेठेंतील एका दुरुस्तीच्या दुकानीं तो यंत्र घेऊन गेला. तेथील गृहस्थांनीं तोच पेन ड्राइव्ह लावून तीच कोरी यादी पाहिली आणि तोच निर्णय दिला : डिस्क मेली आहे, नवी घाला, जुन्यांतलें विसरा. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. त्या माजघरांत गेल्या व कितीतरी वेळ बाहेर आल्या नाहींत. त्यामुळेंच आम्हीं या कामांत हात घातला. एरवीं घातला नसता.

आम्हांस संगणकाचें ज्ञान नाहीं, पण अनुपलब्धीचें थोडें आहे. एखादी वस्तु दिसत नाहीं, एवढ्यावरून ती नाहीं असें केव्हां म्हणतां येतें, याचा खल आपल्या मीमांसकांनीं व वेदान्त्यांनीं पुष्कळ केला आहे. भूतलावर घट नाहीं हें आपणांस कळतें तें घट न दिसल्यामुळें. परंतु अंधारांत घट दिसला नाहीं तर घट नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. वस्तु असती तर ती दिसलीच असती, अशी सर्व सामग्री जुळलेली असेल तरच न दिसणें हें नसण्याचें प्रमाण होय. हीच योग्यानुपलब्धि. आम्हीं पुतण्यास विचारलें, “अरे, डिस्क असती तर या पडद्यावर ती दिसलीच असती, हें तुला कशावरून ठाऊक ?” त्यानें थोडा विचार केला आणि कबूल केलें कीं, ठाऊक नाहीं.

मग दुसरा साक्षीदार शोधला. विंडोजच्या आधीं जागा होणारा एक मूळचा कार्यक्रम प्रत्येक यंत्रांत असतो; त्यास जुन्या संवयीनें बायॉस म्हणतात. यंत्र चालू होतांच एफ-२, डिलीट, एस्केप अशी कांहीं कळ दाबून त्यांत शिरतां येतें. कोणती कळ, तें कंपनीगणिक बदलतें. तेथें पहिल्याच पानावर डिस्कचें नांव, तिचा क्रमांक व ५१२ जीबी हा आकार स्वच्छ लिहिलेला होता ! मेलेली डिस्क सहसा आपलें नांव सांगत नाहीं. म्हणजे घट भूतलावर होता. दिव्याचीच वाण होती.

ही वाण कसली, तें पुतण्यानें दोन तास वाचून शोधून काढलें. त्याचें श्रेय त्याचेंच आहे. इंटेलच्या प्रोसेसरांची अकरावी पिढी २०२० सालीं बाहेर पडली. तेव्हांपासून अनेक लॅपटॉपांत डिस्क आणि प्रणाली यांच्यामध्यें व्हीएमडी नांवाचा एक नियंत्रक बसविलेला असतो. ही सोय मूळची मोठ्या सर्व्हर यंत्रांतली. डिस्क या नियंत्रकाच्या पडद्यामागें असते, आणि तो पडदा सारून आंत पाहावयाचें तर त्याचा खास ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे सारथि. शब्द मोठा अन्वर्थक आहे. कारखान्यांत विंडोज बसवितांना कंपनी हा सारथि बरोबर देते. परंतु आपण पेन ड्राइव्हवर उतरविलेली सर्वसामान्य प्रत त्यास ओळखतेच असें नाहीं. डिस्क वाचावयाची तर ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर तर त्या डिस्कवरच ! शास्त्रकार ज्यास अन्योन्याश्रय म्हणतात तो हाच. त्यांतून सुटण्यास तो ड्रायव्हर बाहेरून आणून द्यावा लागतो. त्या कोऱ्या यादीखालीं ‘ड्रायव्हर भरा’ असें बटन असतें तें याचसाठीं.

येथें पुतण्याचा दुसरा डाव फसला. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्यानें रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी या नांवाचा ड्रायव्हर उतरविला, पेन ड्राइव्हवर ठेवला, बटन दाबलें. कांहींच सांपडलें नाहीं. कारण उतरविलेली वस्तु ही बांधलेली मोट होती. प्रतिष्ठापनेचा कार्यक्रम मोट सोडून पाहत नाहीं. त्यास ‘आयएनएफ’ या प्रत्ययाची उघडी फाइल हवी असते. इंटेलची सेटअपआरएसटी नांवाची मोट दुसऱ्या संगणकावर ‘एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स’ ही आज्ञा देऊन सोडावी लागते. मग जो फोल्डर तयार होतो, तो पेन ड्राइव्हवर ठेवावा. असें केल्यावर यादींत ‘व्हीएमडी कंट्रोलर ९ए०बी’ अशी ओळ आली; अकराव्या पिढीची खूण हीच. ती निवडली मात्र, आणि कोरी यादी भरली. पुतण्या इतक्या जोरानें ओरडला कीं, शेजारच्या बिऱ्हाडांतून चौकशी झाली.

दुसराही एक मार्ग सुचविला जातो, तो बायॉसमध्यें व्हीएमडी बंद करण्याचा. कांहीं यंत्रांत ही खिटी दडवलेली असते, आणि कंट्रोल व एस या कळा एकत्र दाबल्यावरच प्रगट होते. नव्या कोऱ्या डिस्कवर काम असेल तर हा मार्ग सोपा खरा. परंतु आधींची प्रणाली व्हीएमडी चालू असतांना बसविलेली असेल, तर खिटी फिरवितांच ती जुनी प्रणाली निळा पडदा दाखवून, आरंभाची डिस्क हातीं लागत नाहीं म्हणून थांबते. शिवाय अशा फेरफारानें कुलुपाचा प्रश्नही उभा राहतो. हा मार्ग आम्हीं सोडला तें बरें झालें.

यादींत आतां चार ओळी होत्या : १०० एमबीचा आरंभ-विभाग, १६ एमबीचा राखीव, शेवटीं दुरुस्तीचा, आणि मध्यें मोठा, ज्यांत बंधूंचा सारा संसार होता. पुतण्याचा हात संवयीनें ‘डिलीट’ या बटनाकडे गेला. सर्व विभाग पुसून मोकळ्या जागेवर विंडोज बसविणें हा नव्या प्रतिष्ठापनेचा राजमार्गच आहे, आणि त्यानें मित्रांच्या यंत्रांवर तो दहादां चोखाळला होता. आम्हीं त्याचें मनगट धरलें. ज्याकरितां एवढा खटाटोप, तेंच पुसावयास निघाला होता ! या पडद्यावर आपण एका टिचकीच्या अंतरावर असतो, आणि यंत्र विचारतें तेंही अगदीं सौम्य शब्दांत.

प्रतिष्ठापनेच्या या पडद्यावर शिफ्ट व एफ-१० या कळा दाबल्या कीं काळी खिडकी उघडते व तींत आज्ञा देतां येतात. पेन ड्राइव्हच्या या प्रणालींत विभागांचीं अक्षरें बदललेलीं असूं शकतात. नेहमींचा ‘सी’ तेथें ‘डी’ होऊन बसतो. म्हणून प्रथम डिस्कपार्ट ही आज्ञा देऊन कोण कोठें आहे तें पाहावें. आम्हीं पाहिलें, आणि दाराला कुलूप आढळलें. पुष्कळ लॅपटॉपांत बिटलॉकरचें कूटलेखन मालकाच्या ध्यानींमनीं नसतां चालू झालेलें असतें. मायक्रोसॉफ्टचें खातें उघडून यंत्र प्रथम वापरावयास घेतलें कीं हें होतें. नेहमीं यंत्र स्वतःच कुलूप उघडतें, त्यामुळें त्याचा पत्ता लागत नाहीं. परंतु पेन ड्राइव्हवरून आंत शिरणारा मनुष्य परका ठरतो, व त्यास ४८ अंकांची किल्ली मागितली जाते.

ती किल्ली बहुधा त्या खात्यांत जमा असते. खातें बंधूंचें. त्यांत शिरावयाचें तर त्यांच्या मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक हवा. आणि तो क्रमांक, ‘उगीच पैसे कशाला भरा’ म्हणून, आम्हींच श्रावणांत बंद करविला होता. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, हें कबूल करावयास हरकत नाहीं.

सकाळीं वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, यंत्रानें एकदां यांच्याकडे असलाच मोठा आंकडा मागितला होता. फार चिडले होते. कोठेंतरी लिहून ठेवला असेल पाहा.” बंधूंची टिपणें ठेवण्याची जागा एकच, ती म्हणजे चालू वर्षाचें पंचांग. मागील चार पंचांगें काढलीं. शके १९४५ च्या पंचांगांत, भाद्रपदाच्या पानाच्या समासांत, त्यांच्या वळणदार अक्षरांत सहा-सहा अंकांचे आठ गट होते. शेजारीं किल्लीच्या ओळखचिन्हाचीं पहिलीं आठ अक्षरेंही होतीं. तीं पडद्यावरच्या चिन्हाशीं जुळलीं, म्हणजे किल्ली याच कुलुपाची हें नक्की झालें.

परंतु लिहिलेले अंक देवनागरी, आणि शाई पुसटलेली. पांचव्या गटांतील तिसरा अंक १ कीं ९, तें भिंगानेंही ठरेना. हा गट फुटला तर एकच वेळ चुकीचा घालून पाहावा असें पुतण्याचें मत पडलें. येथें मात्र आमची शाळा उपयोगी पडली. या किल्लीच्या रचनेंत एक खुबी आहे : तिच्या प्रत्येक सहा-अंकी गटास ११ नें नि:शेष भाग जातो. चुकीचा अंक तत्काळ पकडतां यावा म्हणून ही योजना. आणि ११ ची कसोटी तर पांचवींसहावींतल्या मुलास ठाऊक असते : एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा कराव्या, त्यांतील अंतर शून्य असेल किंवा त्यास ११ नें भाग जात असेल, तर संख्येस भाग जातो. खरा गट येथें छापणें शहाणपणाचें नव्हे. तत्सम उदाहरण देतों. समजा, गट ३०?४६३ असा आहे. १ घेतल्यास ३०१४६३; पहिला, तिसरा व पांचवा अंक मिळून १०, उरलेले मिळून ७; अंतर ३, भाग जात नाहीं. ९ घेतल्यास ३०९४६३, बेरजा १८ व ७, अंतर ११. भाग गेला, २८१३३ वेळां. आमच्या गटांतही ९ च निघाला. मग उरलेले सातही गट आम्हीं याच कसोटीस लावले. सहा उतरले. सातवा उतरेना, तेव्हां नीट पाहिल्यावर कळलें कीं, बंधूंनीं नव्हे, तर आम्हींच कागदावर उतरवितांना दोन अंकांची अदलाबदल केली होती.

‘मॅनेज-बीडीई’ ही आज्ञा व तिच्यामागें ती किल्ली घातली. कुलूप उघडल्याची एक रूक्ष ओळ आली. पुतण्यानें बाहेरची हार्ड डिस्क जोडून ‘रोबोकॉपी’नें सारा फोल्डर तिच्यावर उतरविण्यास आरंभ केला. त्या खिडकींत देवनागरी नांवांच्या जागीं नुसते चौकोन दिसत होते. एकामागून एक चौकोन वर सरकत होते, आणि त्यांत आमचे सगळे पूर्वज होते. वहिनी खुर्ची घेऊन शेवटपर्यंत बसल्या. नंतर ती हार्ड डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावून प्रत्येक प्रकरण व प्रत्येक तक्ता उघडून पाहिला. नुसतीं नांवें दिसलीं म्हणजे आंतला मजकूर आलाच, असें धरून चालूं नये.

पुढील काम त्या मानानें सोपें. बाहेरची डिस्क प्रथम काढून ठेवली, म्हणजे भलतीच पुसली जाण्याची भीति नको. मग चारही विभाग पुसले, मोकळी जागा निवडली, आणि प्रतिष्ठापना सुरू झाली. यंत्र मध्येंच एकदां बंद होऊन पुन्हां सुरू होतें. त्या वेळीं पेन ड्राइव्ह तसाच लावलेला असला तर कांहीं यंत्रें पुन्हां त्याच्यावरूनच जागीं होतात, आणि भाषा निवडण्याचा पहिला पडदा येतो. आमच्या येथें तेंच झालें. ‘हें काम कधीं संपणारच नाहीं’ असें म्हणत पुतण्या दुसऱ्यानें सर्व पुसावयास निघाला होता. पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हां सुरू करतांच काम जेथें राहिलें होतें तेथून पुढें चाललें. यानंतर इंटरनेट जोडा म्हणून पडदा अडून बसला. वाय-फायचा ड्रायव्हर अजून बसलेला नसल्यामुळें जोडणार कसें ? मोबाइल यूएसबीच्या तारेनें जोडून त्याचें इंटरनेट दिलें, तेव्हां गाडी हलली. परवान्याचा क्रमांक मात्र शोधावा लागला नाहीं. विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपांत तो यंत्राच्या मूळ कार्यक्रमांतच कोरलेला असतो; मूळचीच आवृत्ति, होम असेल तर होम, बसविली म्हणजे तो आपोआप ओळखला जातो.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यामुळें अनेक घरीं हें नव्यानें बसविण्याचें काम निघालें आहे. आमच्याच एका भाच्याकडे जुन्या डेस्कटॉपवर निराळीच अडचण आली. डिस्क दिसे, पण तिची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची असल्यामुळें तिच्यावर बसवितां येत नाहीं, अशी तक्रार येई. विंडोज ११ ला नवी यूईएफआय पद्धत, जीपीटी मांडणी, टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि इंटेलचा असेल तर बहुधा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्याचें यंत्र चौथ्या पिढीचें निघालें. तेथें आमची अनुपलब्धि चालली नाहीं. वस्तु खरोखरच नव्हती. भाच्यानें त्यावर लिनक्स बसविलें असून तो समाधानी दिसतो.

बंधूंच्या यंत्रांत आतां बिटलॉकरची नवी किल्ली आहे. तिची एक प्रत वहिनींच्या कपाटांत, एक पुतण्याकडे, आणि एक चालू पंचांगांत भाद्रपदाच्याच पानावर आहे. अंक रोमन वळणाचे, काळ्या शाईनें. कुलवृत्तांताच्या प्रती तीन ठिकाणीं आहेत. मुद्रितें वर्षश्राद्धाच्या आदले दिवशीं आलीं. सत्याऐंशीव्या पानावर एका खापरपणजोबांच्या जन्मसालांत १ च्या जागीं ९ पडला असून त्यायोगें ते आपल्या मुलाहून धाकटे झाले आहेत. मुद्रितें आम्हींच तपासलीं होतीं.